मुक्ताच्या डब्यात उरलेला घास

देगलूरच्या बसस्टँडवर आईनं माझ्या हातात जे गाठोडं दिलं, ते बघून कुणालाही वाटलं असतं की हा माणूस हैदराबादला नोकरीला नव्हे, हिमालयात तपाला निघालाय. जुन्या सुती साडीच्या फडक्यात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, फुटाणे, आणि वरून पुन्हा दशम्या.

"आई, सहा तासांचा रस्ता आहे. काशीला चाललोय का मी?"

"रस्त्याचं काय सांगावं? गाडी बंद पडली तर?"

गाडी कुठंही बंद पडली नाही. तरी संगारेड्डी यायच्या आत मी अर्ध्या दशम्या संपवल्या आणि गाडी बंद पडली असती तर आईचंच खरं ठरून शरमेनं मान खाली घालायची वेळ आली असती. पण ते पुढचं. स्टँडवर गाठोड्यासोबत आईनं आणखी एक गोष्ट दिली होती, ती पचायला जास्त जड होती. शालू खिडकीत बसली होती, पाच वर्षांची मुक्ता तिच्या मांडीवर होती, आणि आई खाली उभी राहून माझ्याशी हळू आवाजात बोलत होती. आईनं हळू आवाजात बोलणं हीच मुळात धोक्याची सूचना असते.

"हे बघ दिगू, लेकरू आजवर माझ्या हातचं खाऊन वाढलंय. तिकडं जाऊन वाळलं, तर दसऱ्याला येऊन मी घेऊन येणार. मग शाळा इथंच. रडायचं नाही."

कुणी रडायचं नाही ते तिनं सांगितलं नाही.

देगलूरच्या मंडळींनो, तुम्हाला माझी आई ठाऊक आहे. आयुष्यभर अंगणवाडीची ताई होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली, आणि उरलेली निम्मी खाल्लं नाही म्हणून तिचा धपाटा खाऊन. खाण्याचा आणि पाठीवरचा, दोन्ही धपाटे तिला सारखेच जमतात. तेव्हा तिनं अट घातली म्हणजे ती अटच. आणि माझ्यासारखेच जे कुणी बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुण्याला, बंगळूरला, कुठंकुठं पांगलेत, त्यांनाही सांगतो: शहरात घर मिळतं, गॅस मिळतो, लेकराला शाळाही मिळते. सकाळी सातच्या आत त्या लेकराच्या डब्यात काय घालायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आम्ही मलकपेठला दोन खोल्या घेतल्या. शालू दवाखान्यात नर्स, तिची पाळी पहाटे सुरू व्हायची. माझं ऑफिस हिमायतनगरला, साडेदहाचं. म्हणजे मुक्ताचा डबा माझ्याकडे आला, आणि दुपारी जेवायच्या सुटीत घरी येऊन तिला ऑटोतून उतरवून घेणंही; मी परत निघेपर्यंत शालू यायची. हे ठरलं तेव्हा शालूनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं लोक नव्या ड्रायव्हरकडं बघतात.

"जमंल ना?"

"अगं, डबाच तर आहे!"

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. देगलूरला असताना मी उदगीरच्या डाळमिलमध्ये हिशेबाला जायचो. सकाळी निघताना मुक्ता झोपलेली, रात्री येताना झोपलेली. माझी आणि माझ्या मुलीची ओळख म्हणजे फक्त रविवार. हैदराबादला आल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदाच रोज सकाळी एका ओट्याशी उभे राहिलो. तिला पोहे भिजवायला आवडतात, ती दात घासताना गाते, आणि चपलेचा उजवा-डावा तिला मान्य नाही, हे सगळं मला इथं कळलं. आत्ता कुठं ओळख होत होती. तेवढ्यात दसरा येऊन तिला घेऊन जाणार, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. म्हणून डबा नुसता डबा राहिला नाही. माझी बाजू मांडणारा वकील झाला तो. आणि वकील म्हणून मी पहिल्याच दिवशी दहीभात पाठवला.

गरम भात, त्यावर दही, वरून दूध, आणि झाकण असं घट्ट लावलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. ते झाकण मुक्ताला उघडता आलं नाही. तिच्या बाईंनाही नाही. शाळेत फ्रिज नाही, दप्तरं पत्र्याच्या पडवीत खुंट्यांना लटकलेली, वर पावसानं उघडीप दिलेल्या जुलैचं ऊन. दुपारी शाळेची ऑटो घरापाशी आली, तेव्हा ऑटोवाले गौसभाई आधी उतरले, मुक्ता नंतर. तिच्या केसांत दही होतं.

"क्या साब, टिफिन में क्या रखे थे? ढक्कन ऐसा उडा, मैं समझा टायर फूट गया!"

"दहीभात था, गौसभाई."

"दही नक्को साब, दही नक्को! सूखा कुछ देओ. मेरी सीट देखो, सीट!"

सीट मी पुसून दिली. संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला: कृपया कोरडा खाऊच पाठवावा, मुलांना उघडता येईल अशा डब्यात. नाव कुणाचं नव्हतं, पण त्याखाली साऱ्या पालकांनी नमस्काराचे हात टाकले होते, ते बहुधा मलाच.

मग मी हिमायतनगरच्या एका चकचकीत दुकानातून ओट्सच्या वड्या आणल्या. वेष्टनावर डोंगर, झरे आणि एक अतिशय निरोगी गोरी बाई होती. एका वडीच्या भावात कोठीच्या बाजारात पिशवीभर शेंगदाणे येतात, पण मी म्हटलं, तब्येत महत्त्वाची. वडीवर चॉकलेटचा थर होता, हे मी वाचलं नाही. पत्र्याच्या पडवीनं वाचलं. मुक्ता घरी आली ती रंगपंचमी खेळून आल्यासारखी. दोन हात, एक गाल, आणि वर्गपाठाची वही चॉकलेटी. "मज्जा आली," ती म्हणाली. "पोटात गेलं का?" विचारलं तर तिनं विचार केला आणि म्हणाली, "थोडं."

तेव्हा मी शहाणा झालो आणि मुळाकडे वळलो. शेंगदाणे आणि गूळ! फ्रिज नको, खर्च नाही, लोह काय, ताकद काय! इकडं शेंगदाण्याला पल्ली म्हणतात. दुकानदाराला मी ऐटीत "पल्ली देना" म्हटलं आणि त्यानं मला हैदराबादी समजून भाव कमी लावला, हा माझ्या इथल्या संसारातला पहिला विजय. घरी येऊन मी गुळाचा पाक केला. पाक किती करायचा, हे मला मोबाइलवरच्या एका बाईनं सांगितलं होतं, पण ती सांगत असताना मी शेंगदाण्यांची सालं फुंकत होतो. लाडू सुंदर झाले. गोल, तांबूस, चमकदार. ओट्यावरून एक खाली पडला तेव्हा फरशीचा टवका उडाला, याकडे मी दुर्लक्ष केलं.

दुपारी गौसभाईंनी माझ्या तळहातावर कागदाची छोटी पुडी ठेवली. "लेओ साब. अमानत."

पुडीत मुक्ताचा दात होता.

तो आधीच हलत होता, हे मी शपथेवर सांगतो. मुक्ता तर भलतीच खूश होती. वर्गात तिचा पहिला दात पडला होता, हरिता नावाच्या मुलीनं तो तिला धरून दाखवायला लावला होता, आणि तेव्हापासून दोघी शेजारी बसू लागल्या होत्या. पण शालूनं दात बघितला, लाडू बघितला, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "दसरा किती लांब आहे रे?"

नंतर मात्र मी खरंच शिकलो. गरम चिवड्यावर झाकण लावलं की त्याचा लगदा होतो, म्हणून गार होऊ द्यायचं. पाकबिक काही लागत नाही. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ खलबत्त्यात कुटले की तेल सुटून लाडू आपोआप वळतात, आणि ते लेकराच्या मुठीत मावतील एवढेच वळायचे. ज्वारीच्या लाह्यांना हळद-मिठाची फोडणी. फुटाण्यांबरोबर खारकेचे तुकडे. कापलेलं सफरचंद काळं पडतं, पण अख्खं केळं स्वतःची पिशवी घेऊनच येतं. मी पहाटे उठून दशमीचं पीठ दुधात मळू लागलो. माझ्या पहिल्या दशमीचा आकार बघून मुक्ता म्हणाली, "बाबा, ही तेलंगणा आहे का?" पण दुसऱ्या आठवड्यात ती गोल झाली. गुळाच्या पाण्यातल्या गोड दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, बोटाएवढे धपाटे. दोन दिवस बाहेर राहिले तरी हूं की चूं नाही.

आणि तरी डबा रिकामा येईना.

म्हणजे भरलेला येई असंही नाही. एक तुकडा उरायचा. लाडू पाठवला तर पाव लाडू. पुऱ्या पाठवल्या तर एक पुरी. धपाट्यांतला एक धपाटा, कोपऱ्यात, शहाण्यासारखा बसलेला. कधीकधी तर आमच्या घरचं नसलेलंच काही निघायचं: अर्धी चकली, पेरूची फोड, तिळाची वडी. मी त्याचा अर्थ लावला. पोरगी माझं खात नाही, मैत्रिणीच्या डब्यावर दिवस काढते.

"मुक्ता, दशमी आवडली नाही का?"

"आवडली."

"मग उरली कशी?"

"अशीच."

ही 'अशीच' तिनं तिच्या आईकडून घेतली आहे. शालूलाही माझी भाजी आवडली नाही की ती "छान आहे" म्हणते आणि ताटात एक घास ठेवते. मी म्हटलं, लेक माझं मन राखतेय. म्हणून दशमी बंद केली. मग पुऱ्या बंद. मग धपाटे. मग कुटलेले लाडूसुद्धा, जे माझ्या हातून जन्मात पहिल्यांदा धड झाले होते. एकेक चांगला पदार्थ मी रिटायर करत गेलो. उरलेला तुकडा पुरावा म्हणून ठेवावा तर मुंग्या लागतील, म्हणून रोज दुपारी तो मीच खाऊन टाकायचो. हरिताच्या घरची तिळाची वडी तर इतकी चांगली असायची की तपासासाठी ती रोज मिळावी असं वाटे.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिला प्रश्न ठरलेला.

"डबा संपवती का लेकरू?"

"संपवती की! चाटून पुसून!"

मागून मुक्ता ओरडली, "नाही संपवत! मी कधीच नाही संपवत!"

"कामून गं?" आई स्क्रीनजवळ आली. नुसतं नाक दिसू लागलं.

"आवाज तुटतोय आई," मी म्हटलं. "हॅलो? हॅलो? इकडं नेटवर्क..." आणि साफ चालू असलेला फोन बंद केला. आज वाटतं, त्या दिवशी फोन चालू ठेवला असता तर दोन महिन्यांचा घोर वाचला असता. पण मग सांगायला गोष्ट उरली नसती, आणि मला गोष्टींची तशी फार चणचण असते असं नाही, तरी.

आई दसऱ्याच्या आधीच आली. शाळेला सुट्या लागायला दोन-तीन दिवस होते. इमलीबनच्या बसस्टँडवर ती उतरली, तेव्हा तिच्या एका हातात भरलेली पिशवी होती आणि दुसऱ्या हातात घडी घातलेली, रिकामी. निळ्या फुलांची, चेनवाली, नवी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"कपड्यांना," ती म्हणाली.

कुणाच्या, ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर तिनं ती पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली. दोन दिवस मी जेव्हा जेव्हा दार लावलं, तेव्हा तेव्हा ती माझ्यापुढं डुलली. शालू येता-जाता तिच्याकडं बघायची आणि एकदा तर तिनं तिच्यावर माझा ओला टॉवेल टाकून ती झाकून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई खाली जिन्याच्या पायरीवर बसली होती. मी त्या दिवशी जेवायच्या सुटीऐवजी अर्ध्या दिवसाची रजाच काढली होती. निकालाच्या वेळी घाई नको म्हणून. शेवटचा उपाय म्हणून मी सकाळी पुन्हा धपाटे पाठवले होते, आईच्या देखत, आईच्या हाताखाली थापलेले. ते तरी संपतील! गौसभाईंची ऑटो आली. मुक्ता उडी मारून उतरली, धावत आली आणि रोजच्यासारखा डबा माझ्या हातात दिला.

"बघू," आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

झाकण उघडलं. एक धपाटा, आणि त्याच्याशेजारी तिळाची अर्धी वडी.

"बघ ना आई," मी सुरुवात केली. वकिली सुचेना. "मी सगळं करून बघितलं. रोज असंच. काहीही दे, एक तुकडा राहतोच. तुझ्या देखत थापलेले धपाटे असूनसुद्धा..."

आईनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही. ती मुक्ताला म्हणाली, "हे कुणाला गं?"

"बाबाला."

"आणि ही वडी?"

"ती पण बाबाला. त्याला आवडते. हरिता म्हणली, अर्धी तुला, अर्धी तुझ्या डॅडीला."

"कामून ठेवलं पण?"

मुक्तानं आज्जीकडं असं बघितलं, जसं आपण शिक्षकानंच पाढा विसरल्यावर बघतो. "तूच म्हणलीस ना, कुणी डबा भरून दिला तर परत देताना रिकामा द्यायचा नसतो? मग बाबानं भरून दिला ना रोज!"

आईनं डबा पायरीवर ठेवला. मग आई हसायला लागली. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून, मग पदरानं डोळे पुसून. गौसभाईंना काही कळलं नव्हतं, पण ते ऑटो बंद करून हसायला थांबले.

"अरे बैलोबा! तुझ्या डोक्यात काही शिरलं कसं नाही? वाटी-डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्या गल्लीत शेंबड्या पोराला ठाऊक आहे!"

मलाही ठाऊक होतं, पण अर्धंच. लहानपणी शेजारच्या काकूंची वाटी परत करायला आई मलाच धाडायची, त्यात चार लिंबं नाहीतर मूठभर चिवडा घालून. लिंबं पोचायची. चिवडा वाटेत संपायचा. तेव्हा माझ्या अनुभवात परत जाणाऱ्या वाट्या बहुतेक रिकाम्याच असायच्या, आणि बिचाऱ्या काकूंनी कधी तक्रार केली नाही.

मग तिथल्या तिथं खटला उलटा चालला. दशमी आवडायची का? आवडायची. मग बाबानं बंद का केली? "मला काय माहीत? मी रोज वाट बघायचे!" लाडू? "हरितालाही आवडायचे. तिच्या मम्मीनं विचारलं, कसे करतात." मी दात काढणाऱ्या लाडवापासून इथवर आलो होतो, आणि एक तेलुगू बाई माझ्याकडं रेसिपी मागत होती, आणि मला पत्ताच नव्हता.

आईनं मुक्ताला कडेवर उचललं. अंगणवाडीत वजनकाटा बिघडला की ती असंच करायची. तिच्या कमरेला पोराचं वजन कळतं. तिनं दोनदा वरखाली केलं आणि खाली उतरवलं.

"लेकरू भरलंय," ती म्हणाली. मग माझ्या पोटाकडं बघून, "आणि तू फुगलास. तिच्या वाटणीचं कोण खात होतं, ते दिसतंय."

शालू कामावरून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती हसली, पण हसताना तिची नजर दारामागच्या पिशवीवर होती. शेवटी तिनं विचारलंच. "आई, मग... मुक्ताचे कपडे काढून ठेवू का?"

आईनं गॅलरीकडं बघितलं. मुक्ता गॅलरीत उभी राहून खालच्या कुणाला तरी "अरे पोट्टे, इधर आ ना" असं बोलावत होती. ही भाषा तिला देगलूरला कुणी शिकवली नव्हती.

"काय करू नेऊन?" आई म्हणाली. "माझ्याकडं होती तोवर घेणारी होती. इथं द्यायला लागली." मग दोरीवरचा मुक्ताचा वाळलेला फ्रॉक काढून तिनं त्याची घडी घातली, आणि कपाटात ठेवला. पिशवीत नाही. "मला करमणार नाही, ते वेगळं," एवढंच ती कपाटाशी बोलली.

दसरा आम्ही मलकपेठलाच केला. आईच्या परतीच्या दिवशी मुक्तानं ती निळी पिशवी खिळ्यावरून उतरवली आणि जाहीर केलं की ही रिकामी जाणार नाही. मी पहाटे उठून लाडू कुटले, गोड दशम्या केल्या, गोल. हरिताच्या आईनं तिळाच्या वड्यांचा डबा दिला. शालूनं उस्मानिया बिस्किटं आणली. गौसभाई स्टँडवर सोडायला आले, ते हातात पेरू घेऊन. "अम्मा, रस्ते में खाओ. दही नक्को खाओ," असं म्हणून माझ्याकडं बघून डोळा मारला.

बस लागली होती. आई खिडकीत बसली, मी खाली उभा. पिशवीची चेन लागत नव्हती इतकी ती भरली होती.

"दिगू, सहा तासांचा रस्ता आहे. काशीला चाललेय का मी?"

"रस्त्याचं काय सांगावं?" मी म्हटलं. "गाडी बंद पडली तर?"

ती हसली, आणि बस निघेपर्यंत बाहेर बघत राहिली. मुक्तानं दोन्ही हात हलवले. मी एकच हलवला. दुसऱ्या हातात तिचा उजवा-डावा न मानणारा चपलांचा जोड होता.

मंडळी, तुम्ही फोनवर विचारता, घर सोडून गेल्यावर करमतं का? तिकडचंच होऊन जाणार का? मला मोठी उत्तरं येत नाहीत. रोज दुपारी मुक्ताचा डबा उघडतो, आणि त्यात माझ्यासाठी एक तुकडा असतो. तो खाताना मी मलकपेठला असतो आणि देगलूरलाही. आणि ती निळी पिशवी सध्या आईकडं आहे. ती परत येणार, हे नक्की. आणि आई तिला रिकामी धाडणार नाही, हेही.